घोडीची उष्टी हळद

माझ्या भावाच्या लग्नात पहिली हळद घोडीला लागली आणि दुसरी भावाला. यात घोडीचा काही दोष नव्हता. भावाचा तर नव्हताच. मग उरतं कोण, हे आमच्या गावात आता शेंबडं पोरगंही सांगतं.

आधी थोडं माझ्याविषयी सांगते (नाहीतर मी हे मुद्दाम केलं असं वाटायचं). आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. जालन्याला कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय वनस्पतिशास्त्र. घरातलं पहिलंच माणूस कॉलेजात गेलं की त्याला जगातलं सगळं येतं, असा लोकांचा समज होतो. सुट्टीत घनसावंगीला उतरून गावच्या जीपमध्ये बसले, की ड्रायव्हर म्हणणार, "ताई, फोनचा आवाज येऊन न्हाई राह्यला, बघता का?" घरी पोचेपर्यंत उसावरचा मावा, शेजारणीचा गुडघा आणि कुणाच्या तरी शेळीचं पोट एवढं माझ्याकडं जमा झालेलं असतं. 'माहीत नाही' म्हटलं की अण्णांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, चेहरा पडतो. म्हणून मी 'बघते' म्हणते.

त्यात कॉलेजात एक कार्यशाळा झाली: 'वनौषधी आणि पशुआरोग्य'. बाहेरून एक सर आले होते. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवत सांगितलं, की प्रत्येक दुखण्यावर निसर्गात उपाय आहे आणि नैसर्गिक उपायाचा कधीच अपाय होत नाही. (सरांना त्या दिवशी सर्दी झाली होती आणि मधल्या सुट्टीत ते मेडिकलमधून गोळ्या आणवत होते. पण तेव्हा मी टिपणं काढण्यात दंग होते.) शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्र मिळालं. अण्णांनी ते लॅमिनेट करून देवघरात गणपतीशेजारी लावलं. गणपतीला सणावारीच पुसायचे. माझं प्रमाणपत्र रोज पुसलं जायचं!

आता भाऊ. विष्णूदादासाठी मुली बघायला सुरुवात झाली तेव्हा मी शाळेत फ्रॉक घालून जात होते. प्रत्येक ठिकाणी बोलणं एकाच जागी अडायचं.

"मुलगा काय करतो?"

"शेती."

"अन् आणखी?"

"आणखीबी शेतीच."

झालं, चहा पिऊन पाहुणे उठायचे. दादाच्या बायोडाटावर वय एकोणतीस लिहिलेलं होतं. ते खोटं नव्हतं. बायोडाटा पहिल्यांदा छापला तेव्हा दादा एकोणतीसचाच होता! गठ्ठा मोठा छापला होता, तो संपेना, म्हणून वय वाढेना.

अखेर अंबडकडच्या एका गावातली सुरेखा 'हो' म्हणाली. आमच्या घरात इतका आनंद झाला की कुणी मोठ्यानं बोलेचना. न जाणो, तिकडं ऐकू गेलं आणि विचार बदलला तर! नवरीला वडील नव्हते. सगळा कारभार तिच्या मामांकडं. मामा साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर नोकरीला. समोर आलेल्या प्रत्येक गोष्टीकडं, ती माल लपवून आणते आहे अशा नजरेनं बघायची त्यांना सवय. बैठकीतच त्यांनी सांगून टाकलं होतं, "देणं-घेणं काय न्हाई. पण रीतीत फरक पडला, नाहीतर काय लपवलेलं निघालं, तर मी मांडवातून पोरगी उठवून नेईन."

अण्णा म्हणाले, "लपवायला आमच्याकडं हायेच काय?" आणि दादाच्या बायोडाटावर हळूच पानाचं ताट सरकवलं.

लग्न आमच्याच दारात होतं. लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून वाजतगाजत मारुतीला जातो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. त्यासाठी अण्णांनी रहीमचाचांची बिजली ठरवली. पांढरीशुभ्र घोडी, सगळ्या पट्ट्यात तशी एकच. भावकीतल्या एका लग्नात तांबडी घोडी आली होती. तेव्हापासून अण्णांच्या मनात पांढरीच होती. चाचा एक दिवस आधीच बिजलीला घेऊन आले आणि तिला परसात बांधलं.

ती खाजवायलाच लागली! आधी कडुनिंबाला पाठ घासली, मग भिंतीला. मग दावं उपसून थेट मांडवात आली आणि मेढीला अंग घासायला लागली. वरचे डहाळे खाली पडले. एक माझ्या आत्याच्या डोक्यावर पडला. आत्या म्हणजे आमच्या घरातलं शुभ-अशुभ खातं.

"मुहूर्तमेढ हलवली हो हिनं!" आत्या ओरडली.

दादा मांडवाच्या कोपऱ्यात उभा होता. त्याला जन्मात बैलाशिवाय कशावर बसायची वेळ आलेली नव्हती. तो पांढरा पडला. "उद्या मी वर असल्यावर हिला खाज सुटली तर?"

चाचा शांतपणे म्हणाले, "कुछ नै होता बेटा. पकडके बैठना. पिछले महिने एक नवरदेव पडा, लेकिन शादी बराबर हुई."

दादा आणखी पांढरा पडला. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. चाचांनीही बघितलं, कारण अण्णांनी त्यांना आल्या आल्या देवघरात नेऊन प्रमाणपत्राचं दर्शन घडवलं होतं. "बेटी, इसकू मच्छर-माशी बहुत काटते. तुम्हारे कालेजमें कुछ बताये होंगे ना?"

मी बिजलीच्या पाठीकडं बघितलं. बारीक बारीक गांध्या उठल्या होत्या. पडद्यावरचं चित्र डोळ्यांपुढं आलं: कडुनिंब, करंजाचं तेल, हळद. आणि तोंडातून निघून गेलं, "बघते."

कडुनिंब दारातच होता. करंजाचं तेल चाचांकडं निघालं. राहिली हळद. स्वयंपाकाची हळद आचाऱ्याच्या ताब्यात, आणि तो मसाल्याच्या डब्यावर नागोबासारखा बसलेला. पण देवघरात मोठी परात भरून हळद कालवून ठेवली होती. सकाळीच पाच सुवासिनींनी गाणी म्हणत जात्यावर दळलेली. ती दादाची होती हे मला माहीत होतं. पण एवढ्या मोठ्या परातीतून वाटीभर घेतली तर काय बिघडतं? दादाचं तोंड ते केवढं!

मी वाटीभर घेतली. ती घोडीच्या एका खांद्यावरच संपली. पडद्यावर घोडी बरीच लहान दिसत होती. मग दुसरी वाटी घेतली, मग तांब्या. शेवटी दर वेळी आत-बाहेर करणं बरं दिसेना, म्हणून मी परातच परसात नेली.

चाचा एका बाजूनं लावत होते, मी दुसऱ्या बाजूनं. "बहुत अच्छा, एकदम कुदरती!" असं ते सारखं म्हणत होते. मान झाली, पाठ झाली, पोट झालं, पाय झाले. शेपटीकडं जायची माझी हिंमत झाली नाही (लाथेवरचा नैसर्गिक उपाय कार्यशाळेत सांगितला नव्हता). बिजली शेपूट झाडत उभी राहिली. उरलेला लेप वाया कशाला घालवायचा म्हणून मी तो, कडुनिंब-करंजासकट, पुन्हा परातीत ओतला आणि परात जागेवर नेऊन ठेवली. काटकसर आमच्या घरात रक्तातच आहे.

तासाभरानं दादाला पाटावर बसवलं. सुवासिनींनी हळद लावायला घेतली आणि एकेकीनं नाकाला पदर लावला.

"वास कशाचा येऊन राह्यला हो?"

"हे हिरवं हिरवं काय हाय?"

मी म्हणाले, "कडुनिंब टाकलाय आत्या. जंतुनाशक असतो."

"बघा, शिकल्याचा उपेग!" अण्णा चारचौघांत म्हणाले. दादा डोळे मिटून बसला होता. त्याला वासाचं काही नव्हतं. मुलगी मिळत होती, तेवढ्यासाठी तो डांबरही लावून घ्यायला तयार होता.

हळद झाली. आता रीतीप्रमाणं उरलेली उष्टी हळद नवरीकडं न्यायची, म्हणजे तिकडं तिला लागणार. करवली मीच. वाटी भरून घेतली, जीप दारात आली. एवढ्यात आत्या हात धुवायला परसात गेली आणि तिथूनच किंचाळली.

परसात पिवळीधमक घोडी उभी होती. लेप वाळून गळून गेला होता, पण रंग राहिला होता. ऊन तिच्यावर पडलं होतं, बघवत नव्हतं!

"सवे," आत्याचा आवाज एकदम बारीक झाला, "हिला कवा लागली हळद? विष्णूच्या आधी का मागून?"

"आधी."

"त्याच परातीतली?"

"हो."

आत्या तिथंच धुणं धुवायच्या दगडावर बसली. "म्हंजी विष्णूला घोडीची उष्टी लागली? आता ती तिकडं न्यायची? आगं, मंग रीतीनं घोडी नवरदेव झाली की! अन् माझं लेकरू नवरी!"

अण्णा धावत आले. त्यांनी घोडी बघितली, मला बघितलं, आणि मला वाटतं मनातल्या मनात प्रमाणपत्रही बघितलं. पण माणूस व्यवहारी. म्हणाले, "गुपचूप बसा. जीप उभी हाय. मामाला यातलं एक अक्षर कळू द्यायचं न्हाई. चाचा, घोडी धुवा!"

"पानीसे नै निकलता, अण्णा. मैं देखा."

"मग साबणाच्या पावडरनं धुवा," मी जीपमध्ये चढता चढता सांगितलं. "भरपूर टाका."

(हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवला की लाल होतो, हा प्रयोग मी सातवीत स्वतः केला होता. बाईंनी शाबासकीही दिली होती. पण तो कागद होता. घोडीच्या बाबतीत तो प्रश्न परीक्षेला कधी आला नाही.)

आत्या जीपमध्ये माझ्याशेजारी बसली आणि अंबड येईपर्यंत देवाचं नाव आणि माझं नाव आळीपाळीनं घेत राहिली.

नवरीच्या दारात आमचं चांगलं स्वागत झालं. सुरेखा पाटावर बसलेली, बायका भोवती. मामा पुढं आले. त्यांनी चष्मा लावला, वाटीवरचं फडकं काढलं आणि गाडीतला ऊस बघावा तसं हळदीत बघितलं. मग दोन बोटांनी वाटीच्या काठावरून काहीतरी ओढायला लागले. ते येतच राहिलं, येतच राहिलं. एक लांबलचक केस! अर्धा हळदीत पिवळा झालेला, अर्धा बाहेर होता तो पांढराशुभ्र.

भोवतालच्या बायका केस बघायला पुढं सरकल्या.

"हळद कुणाला लावलेली हाय ही?" मामांनी विचारलं.

"नवरदेवाला," आत्या म्हणाली.

"मंग हा केस कुणाचा?"

मामांनी केस उजेडात धरला. "वाटलंच मला! बायोडाटात एकोणतीस, अन् डोकं पांढरं. डाय लावतो ना तुमचा नवरदेव? खरं वय सांगा!"

"अहो, एवढा लांब केस गड्यामाणसाचा असतो का?" आत्या म्हणाली.

"वाढवलेले असतील. टोप घालतो का?"

मागून कुणीतरी बाई म्हणाली, "अगं माय, टकलाबी हाय!" दोन मिनिटांत माझा भाऊ म्हातारा झाला आणि टकलाही झाला. मामा सुरेखाकडं वळले. "ऊठ गं. पाटावरून ऊठ."

एवढी वर्षं, एवढे चहा, एवढे बायोडाटे, आणि ते सगळं एका केसावर लटकलेलं! आत्यानं मला गप्प राहायचा चिमटा काढला. तो इतका जोरात होता की माझं तोंडच उघडलं.

"मामा, हा केस दादाचा न्हाई. घोडीचा हाय."

मग मी सगळं सांगितलं. खाज, गांध्या, कडुनिंब, परात. कार्यशाळेचा उल्लेखही केला, म्हणजे थोडं वजन पडेल. पडलं नाही. मामा म्हणाले, "हळदीत घोडीचा केस? पोरी, काट्यावर रोज लोक काय काय सांगतात मला, पण असलं अजून कुणी सांगितलं न्हाई."

"खरंच सांगते. परण्याची घोडी हाय. पांढरी हाय. तुम्ही बघा हवं तर!"

"दाखीव मंग. लाव फोन."

मी व्हिडिओ कॉल लावला. अण्णांनी उचलला. मी म्हणाले, "अण्णा, मामांना घोडी दाखवा. पांढरी घोडी."

अण्णांचा चेहरा पडद्यावर विचित्र झाला. "आत्ता? जेवून घ्या की आधी."

"दाखवा!" मामा गरजले.

अण्णांनी नाइलाजानं फोन फिरवला. पडद्यावर साबणाचा फेस दिसला, फेसात रहीमचाचा दिसले, आणि चाचांच्या मागं बिजली. ती लालभडक झाली होती! मान लाल, पोट लाल, पायांवर मळवट विरघळल्यासारखे ओघळ.

"हळद झाली, वर कुंकूबी लागलं," आत्या पुटपुटली. "आता नुसतं मंगळसूत्र राह्यलं."

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "केस पांढरा अन् घोडी लाल! खोटं बोलायला काही हद्द!"

"मामा, ती पांढरीच हाय! आधी पिवळी झाली, मंग लाल..." माझं मलाच ऐकवेना.

तिकडं चाचांना आमचं सगळं ऐकू जात होतं. त्यांच्या घोडीच्या पांढरेपणावर शंका आलेली त्यांना सहन झाली नाही. "कौन बोला सफेद नै? मेरी बिजली? अण्णा, फोन इधर लाव, पीछे लाव!" फोन हलला, डगमगला, आणि सगळा पडदा भरून बिजलीची शेपूट आली. तिला मी भीतीपोटी हात लावला नव्हता. लाल घोडीला दुधासारखी पांढरी शेपूट!

मामांनी एका हातात फोन धरला, दुसऱ्या हातात केस. शेपूट बघितली, केस बघितला. माझ्या भावाचं उभं आयुष्य त्या क्षणी घोडीच्या मागच्या बाजूवर अवलंबून होतं.

"जुळतो," मामा म्हणाले.

आणि पाटापाशी हसू फुटलं. सुरेखा उभ्याउभ्याच पदर तोंडात कोंबून हसत होती. "मामा, बसू का आता? पाय अवघडले."

"पण वयाचं काय गं? एकोणतीसच कशावरून?"

"चौतीस हायेत. त्यांनी मला पहिल्याच फोनवर सांगितलंय."

आम्ही सगळे गार! घरादारानं मिळून जपलेलं गुपित दादानं पहिल्याच फोनवर उधळून टाकलं होतं. "मला खरं बोलणारा पाहिजे होता," सुरेखा म्हणाली. मग माझ्याकडं बघून विचारलं, "पण घोडीच्या हळदीचं ते काय बोलले न्हाईत?"

"त्यालाबी अजून म्हाईत न्हाई," मी म्हणाले.

मामांचा पेच मात्र सुटेना. रीत म्हणजे रीत. शेवटी त्यांनी आणि आत्यानं, दोन देशांचा तह व्हावा तशी चर्चा करून तोडगा काढला. हळदीत गोदावरीचं पाणी शिंपडायचं. आणि पहिली हळद घोडीला लागली असल्यानं, उद्याच्या लग्नात मानाची सुवासिनी म्हणून पहिली ओटी तिचीच भरायची.

तशी भरली! दुसऱ्या दिवशी आत्यानं स्वतःच्या हातानं बिजलीपुढं खण-नारळ-तांदूळ धरले. बिजलीनं तांदूळ खाल्ले, मग खण खाल्ला. नारळ हुंगून सोडून दिला. लाल अंगाची, पांढऱ्या शेपटीची घोडी बघायला शेजारच्या गावांतून माणसं आली. ती नवी फॅशन असावी असंच सगळ्यांना वाटलं. चाचांनीही 'नै' म्हटलं नाही. भावकीतले लोक आमची घोडी बघून जळाले. अण्णा तेवढ्यावर खूश.

खाज? ती कुठं गेली होती! मारुतीच्या देवळापाशी बिजलीला आठवण झाली आणि तिनं अंग देवळाच्या खांबाला घासलं. मध्ये दादाचा पाय होता. वऱ्हाडात जनावरांचे डॉक्टर जेवायला आले होते. हातातली जिलेबी खाली न ठेवता त्यांनी विचारलं, "खोगीर शेवटचं कधी धुतलं?" चाचा आकाशाकडं बघायला लागले. घोडीला आम्ही कडुनिंब, करंज, हळद, पाणी आणि साबण एवढं सगळं लावलं होतं. खोगिराला पाणीसुद्धा लागलेलं नव्हतं.

लग्न पार पडलं. सुरेखावहिनी घरात आली, रुळली. ती मला जीव लावते, पण साधं डोकं दुखलं तरी माझ्यासमोर बोलत नाही. हळूच दादाला घेऊन घनसावंगीच्या दवाखान्यात जाऊन येते.

लग्नानंतरच्या पूजेच्या दिवशी जेवणं झाल्यावर मामांनी मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, आता राहिलेला राग निघणार. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, डोक्यावरची टोपी काढली आणि पिकलेले केस माझ्यापुढं धरले. "तुझ्या त्या झाडपाल्यात ह्याच्यावर काय हाय का गं? न्हाई म्हंजी, नैसर्गिक असलं तर."

माणूस एवढा काटेकोर, एवढा संशयी! घोडी लाल झालेली त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. 'बघते' हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला. मी तोंड दाबून घरात पळाले आणि सुट्टी संपायच्या आधीच जालन्याची गाडी धरली.

कॉलेजात जाऊन विषय बदलायचा अर्ज दिला: वनस्पतिशास्त्राऐवजी भूगोल. आमच्या सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "अगं, चांगले मार्क आहेत तुला. मधेच भूगोल कशाला?"

मी खाली बघत, खरं तेच सांगितलं. "सर, डोंगराला खाज सुटत नाही."